‘कोरियात चालतं’ म्हणजे नेमकं काय चालतं?

प्रश्न माढा तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. वय 36, सात एकर, विहिरीला बारमाही पाणी, घरी आई-वडील. सहा वर्षांत चाळीसेक स्थळं झाली. प्रत्येक ठिकाणी पोहे खाऊन बाहेर पडताना एकच उत्तर: मुलगी शेतकऱ्याला द्यायची नाही. आता एक एजंट भेटलाय. साडेपाच लाखांत व्हिएतनामची मुलगी आणून देतो म्हणतो, अर्धे आधी, अर्धे लग्नाच्या दिवशी. वर सांगतो, कोरियात शेतकऱ्यांची लग्नं अशीच होतात, तिथलं सरकारच त्याला पैसे देतं. या भाऊंनी मला पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्यात: हे खरं आहे का, हे कायदेशीर आहे का, आणि ‘अशी आणलेली मुलगी टिकते का?’

मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्याला बावीस वर्षं होतील. मध्ये 2009 ते 2015 नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण कोरियात छांगवोनला होते. तिथं वकिली करता येणं शक्यच नव्हतं. मग परदेशी सुनांसाठी चालवलेल्या एका निवारा केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. सुरुवातीला फिलिपिनो बायकांशी इंग्रजीत बोलायला माणूस हवं म्हणून, आणि पुढं कोरियन जमायला लागल्यावर कागदपत्रं वाचायला. तेव्हा तुमच्या एजंटानं जे ऐकीव सांगितलंय, त्याची दुसरी बाजू मी टेबलापलीकडून पाहिली आहे.

एजंट अर्धं खरं बोलतोय, आणि खोट्यापेक्षा अर्धं खरं जास्त महागात पडतं.

कोरियन भाषेत ‘नोचोंगगाक’ असा शब्द आहे. आपल्या ‘घोडनवरा’ला इतका जवळचा शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही, त्यातल्या टोमण्यासकट. साठ-सत्तरच्या दशकांपासून खेड्यातल्या मुली कारखान्यांत कामाला म्हणून सोल, बुसानकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. जमीन आणि म्हातारे आई-वडील सांभाळायला थोरला मुलगा मागं राहिला. त्याच्याशी लग्न म्हणजे सासू-सासरे, पूर्वजांच्या तिथी, शेत आणि गोठा हे सगळं एकदम पदरात. कोरियन मुलींनी सरळ ‘नाही’ म्हटलं. त्यात मुलग्याचा हट्ट. गर्भाचं लिंग सांगायला तिथं 1987 मध्ये बंदी आली, तरीही 1990 मध्ये शंभर मुलींमागं 116.5 मुलगे जन्मले होते. आपल्याकडं महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशात सगळ्यांत आधी असा कायदा केला आणि 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली निघाल्या 807. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर गेला होता, तो तुम्ही पाहिला असेल. कदाचित त्यात असालही. त्यांची मागणी गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा नीट राबवा अशी होती. हसणाऱ्यांनी ती ऐकलीच नाही.

तर कोरियात काय झालं? खेड्यातल्या घोडनवऱ्यांची लग्नं लावून देण्याची मोहीमच स्थानिक प्रशासनानं आणि शेतकरी संघटनांनी हाती घेतली. जपानमध्ये हा प्रयोग आधी झाला होता. यामागाता प्रांतातल्या आसाही गावाच्या प्रशासनानं 1985 मध्येच फिलिपाईन्समधून सुना आणल्या होत्या. कोरियाचे 1992 मध्ये चीनशी आणि त्याच वर्षी व्हिएतनामशी राजनैतिक संबंध जुळले. आधी चीनमधल्या कोरियन वंशाच्या मुली आल्या. भाषा एक, चेहरा एक, त्यामुळं गावाला फारसं वावगं वाटलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वधूवर संस्थांवरचं परवान्याचं बंधन सरकारनं काढून टाकलं आणि मग कोणीही उठून हा धंदा सुरू केला. 2005 मध्ये कोरियात 42,356 आंतरराष्ट्रीय लग्नं झाली. त्या वर्षातल्या एकूण लग्नांच्या साडेतेरा टक्के. शेती-मासेमारी करणाऱ्या नवऱ्यांत तर तिघांमागं एकापेक्षा जास्त जणांची बायको परदेशी होती. अनेक नगरपालिका आणि तालुके यासाठी नवऱ्याला अनुदान देत होते, हे खरं आहे. एजंटाचं अर्धं सत्य ते हेच. ही अनुदानं पुढं टीकेमुळं बऱ्याच ठिकाणी रद्द झाली. 2021 मध्ये मुंग्योंग शहरानं व्हिएतनामी विद्यार्थिनींची गावातल्या अविवाहित शेतकऱ्यांशी गाठ घालून द्यायचं ठरवलं, तेव्हा तिथं शिकायला आलेल्या मुली संतापल्या. ‘आम्ही पदवीसाठी आलोय, तुमच्या शेतासाठी नाही’ असा त्यांचा सूर होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानंही ते भेदभावाचं ठरवलं.

त्या भरभराटीच्या काळात कोरियन खेड्यांत रस्त्यावर कापडी फलक लागायचे. ‘व्हिएतनामी मुलीशी लग्न करा. वयाची अट नाही. दुसरेपणाचे चालतील. पळून जात नाही, खात्री.’

भाऊ, तुम्ही ‘टिकते का’ असं विचारलंत ना, तेव्हा मला हे फलक आठवले. तुमच्या मनात तसं नसेल. पण ‘टिकणं’ आपण कांद्याबद्दल बोलतो, बॅटरीबद्दल बोलतो. पैसे मोजून आणलेल्या वस्तूची हमी मागतात तसा हा प्रश्न आहे, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहारात किडा लागतो तो इथंच. पैसे नवऱ्यानं मोजलेले असतात, म्हणून एजंट नवऱ्याचा. मुलीचं कोणीच नसतं.

हे कसं चालतं ते एका मुलीच्या तोंडून ऐका. तिला मी लान म्हणते, खरं नाव वेगळं आहे. गाव मेकाँगच्या खोऱ्यात, कँथो शहरापासून बसनं दोन तास. वडिलांची भातशेती आपल्या हिशोबानं एकराच्या आत, वर सावकाराचं कर्ज. नदीतल्या तान लोक बेटाला तिकडं लोक गमतीनं ‘तैवान बेट’ म्हणतात, इतक्या मुली तिथून तैवान-कोरियाला दिल्या गेल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशातून झालेली पक्की घरं लान लहानपणापासून बघत होती. गावातल्या एका बाईनं तिला हेरलं. त्या बाईनं तालुक्याच्या माणसाकडं, त्यानं हो चि मिन्ह शहरातल्या बाईकडं पोचवलं. प्रत्येक हाताला त्याचा वाटा. शहरात एका घरात वीस-बावीस मुली राहत होत्या. राहण्या-जेवणाचा खर्च वहीत मांडला जात होता. लग्न जमलं तर माफ, मध्येच घरी जायचं म्हटलं तर भरा.

मग एका सकाळी हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर पाच-पाच जणींना आत बोलावलं. समोर सोफ्यावर पंचेचाळिशीचा माणूस, बाजूला कोरियन एजंट, मध्ये दुभाषी. त्यानं तीन प्रश्न विचारले. आईवडील आहेत का, सासूसोबत राहशील का, शेतात काम केलंयस का. लानला एकच विचारायचं होतं, हा दारू पितो का. दुभाष्यानं त्याला काय विचारलं तिला कळलं नाही. पण तो माणूस हसला आणि म्हणाला, हो हो, खूप आवडतं. दुभाष्यानं तिला सांगितलं, पीत नाही. चार वर्षांनी, कोरियन शिकून झाल्यावर, तिनं नवऱ्याला तो प्रसंग विचारला. त्याला आठवत होतं. त्याला विचारलं गेलं होतं, ‘व्हिएतनामचं जेवण आवडतं का?’

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणी, तीही फक्त तिची. तिसऱ्या दिवशी भाड्याच्या गाऊनमध्ये लग्न. गावाहून आलेल्या वडिलांच्या हातात तीनशे डॉलरचं पाकीट. मग दोन दिवस वुंग ताऊच्या समुद्रकिनाऱ्यावर, मध्ये एकही सामाईक शब्द नसताना. सहाव्या दिवशी तो परत गेला आणि ती व्हिसाची वाट बघत सात महिने.

हा काही एकटीचा किंवा जुना किस्सा नाही. कोरियन सरकारच या धंद्याची दर तीन वर्षांनी पाहणी करतं. 2020 च्या पाहणीत पहिल्या भेटीपासून लग्नापर्यंतचा सरासरी काळ 5.7 दिवस निघाला. 2023 मध्ये तो 9.3 दिवस झाला आणि वर्तमानपत्रांनी ती सुधारणा म्हणून छापली. आपल्याकडं पोहे झाल्यावर ‘कळवतो’ म्हणून निरोप यायलाच एवढे दिवस जातात. त्या 2023 च्या पाहणीत नवऱ्यानं एजंटाला दिलेली सरासरी रक्कम होती 1 कोटी 46 लाख वॉन, म्हणजे साधारण नऊ लाख रुपये. बहुतेक नवरे चाळिशीतले, बहुतेक मुली विशीतल्या.

आता या नऊ लाखांचा हिशोब बघा. नवरा समजतो, एवढे मोजलेत तर त्यातले निदान निम्मे तिच्या माहेरी गेले असतील. माहेरी पोचलेलं असतं ते पाकीट. मुलगी कोरियात येते, पहिल्या महिन्यात घरी पैसे पाठवायचं म्हणते. सासू म्हणते, तुझ्यासाठी आधीच एवढे घातले, आणखी किती? मुलीला कळतच नाही कसले घातले. केंद्रात आलेल्या किती भांडणांच्या मुळाशी हा एकच गैरसमज होता, सांगू शकत नाही. आपल्याकडं देज घेऊन मुलगी द्यायची पद्धत काही समाजांत होती. तिला नावं ठेवा, पण तिथं देज निदान माहेरच्या हाती तरी पडायचं. इथं ते वाटेतच मुरतं, आणि ‘तुला विकत आणलंय’ हे वाक्य मात्र मुलीच्या वाट्याला येतं. हे वाक्य मी पाच-सहा वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून जवळपास त्याच शब्दांत ऐकलं. एकीची सासू पासपोर्ट किमचीच्या फ्रिजमध्ये तळाच्या डब्याखाली ठेवायची. बिचारी पोलिसांसमोर अगदी निरागसपणे म्हणाली, ‘एवढे पैसे गेलेत, पळाली तर?’

कायदे झाले. पण प्रत्येक कायद्याआधी काहीतरी घडावं लागलं. वधूवर संस्थांवर नियंत्रणाचा कायदा डिसेंबर 2007 मध्ये मंजूर झाला आणि जून 2008 पासून लागू झाला. जुलै 2010 मध्ये बुसानला वीस वर्षांच्या एका व्हिएतनामी मुलीला नवऱ्यानं मारून टाकलं. तिला कोरियात येऊन आठ दिवस झाले होते. नवऱ्यावर कित्येक वर्षं मानसिक आजाराचे उपचार चालू होते आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा छांगवोनला होते, बुसान तिथून तासाभराच्या अंतरावर. आमच्या केंद्रातल्या व्हिएतनामी मुली त्या आठवड्यात जेवायलाही एकत्र बसायच्या, एकटीनं खोलीत थांबायला कोणी तयार नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नियम आला: दोघांचं आधीचं लग्न, आरोग्य, नोकरी, गुन्ह्यांची नोंद हे सगळं लेखी, नोटरी केलेलं, समोरच्याच्या भाषेत भाषांतर करून भेटीच्या आधी द्यायचं.

नियम चांगला आहे. पण कागद वाचणारीण ज्या घरात राहते ते घर एजंटचं, भाषांतर करणारा एजंटचा, आणि ‘नको’ म्हटलं तर वहीतला खर्च तिच्या अंगावर. मी असे कागद पाहिलेत ज्यांवर माहिती मिळाल्याची सही आणि साखरपुडा दोन्हींची तारीख एकच आहे. पुढं अठरा वर्षांखालच्या मुली दाखवायला बंदी आली, एकाच वेळी अनेक मुली रांगेत बसवायला बंदी आली, धंद्यासाठी दहा कोटी वॉन भांडवलाची अट आली आणि छोट्या दुकानांना टाळं लागलं. एप्रिल 2014 पासून व्हिसासाठी नवऱ्याला किमान उत्पन्न आणि घर दाखवावं लागतं आणि मुलीला प्राथमिक कोरियन यावं लागतं. माझ्या अनुभवात यातली शेवटची अट सगळ्यांत कामाची ठरली. परीक्षेच्या निमित्तानं का होईना, ‘मला डॉक्टरकडं जायचंय’ एवढं वाक्य घेऊन मुली उतरायला लागल्या.

आणि व्हिसा. यावर थोडं जास्त लिहिते, कारण इथं माझ्या हातून चूक झाली आहे. बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या खांद्यावर उभा असतो. 2011 च्या अखेरपर्यंत तर मुदतवाढीला नवऱ्याचं हमीपत्र लागायचं. भांडण झालं की तो सही करायचा नाही. ती घर सोडून निवाऱ्यात आली की तो ‘बायको घरातून पळाली’ अशी तक्रार द्यायचा आणि तिचा मुक्कामच बेकायदा ठरायचा. घटस्फोटानंतर तिला राहू द्यायचं तर दोष नवऱ्याचा होता हे तिनं सिद्ध करावं लागायचं. 2010 मध्ये एक मुलगी आली, अंगावर वळ होते. मी आपल्याकडच्या सवयीनं म्हटलं, कशाला कोर्टकज्जा, परस्पर संमतीनं मोकळी हो, लवकर सुटशील. पुण्यात हा सल्ला मी शंभर जणींना दिला असेल. ती सुटली आणि तिचा व्हिसाही सुटला. संमतीच्या घटस्फोटात दोष कोणाचा हे कुठंच लिहिलेलं नसतं. ती परत गेली. त्यानंतर मी प्रत्येकीला आधी दवाखान्यात पाठवायचे, वळांचे फोटो काढायचे, मग बाकीचं. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सगळाच्या सगळा दोष नवऱ्याचा असायला हवा असं नाही, मुख्यतः त्याचा असला तरी तिला राहता येईल. नऊ वर्षं उशिरा, माझ्या त्या मुलीच्या दृष्टीनं.

त्याच 2019 च्या जुलैमध्ये च्योल्ला प्रांतातल्या योंगामचा व्हिडिओ जगभर फिरला. लहानगं मूल रडतंय आणि त्याच्यासमोर नवरा व्हिएतनामी बायकोला मारतोय. त्याआधीच मानवी हक्क आयोगाच्या पाहणीत 920 परदेशी बायकांपैकी 387 जणींनी घरात मार किंवा छळ सोसल्याचं सांगितलं होतं. आकडा अहवालात पडून होता. व्हिडिओ आल्यावर घरगुती हिंसेची नोंद असलेल्या पुरुषाला परदेशातून बायको बोलावायला मनाई झाली.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, या सगळ्या मुली गरीब गाई आणि नवरे राक्षस. तसं नाही, आणि तसं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. लानला कोणी पोत्यात घालून आणलं नव्हतं. तिनं हिशोब केला होता: गावात भातशेती आणि कर्ज, सायगावला, म्हणजे हो चि मिन्ह शहरात, बूट शिवायचा कारखाना, नाहीतर हे. तिनं हे निवडलं, फक्त निवडताना तिच्या हाती खरी माहिती नव्हती. नवराही वाईट निघाला नाही. दारू पितो, पण हात उचलत नाही. तो तुमच्यासारखाच बागायतदार, छांगवोनची गोड तेंदूफळं पिकवतो. त्याला एजंटानं सांगितलं होतं, व्हिएतनामी मुली आज्ञाधारक असतात, सासूचे पाय चेपतात. आली ती सासूशी पहिल्याच दिवाळीला, म्हणजे त्यांच्या छुसक सणाला, भांडली. त्याचीही फसवणूकच झाली की! एजंटानं दोघांनाही एकेक चित्र विकलं होतं, आणि ती दोन्ही चित्रं एका घरात राहायला आली.

मला जी लग्नं सुखाची दिसली, त्यांत एक गोष्ट सारखी होती. आधी आलेल्या एखाद्या सुनेनं ती जमवली होती. ती आपल्या मावसबहिणीला सगळं सांगायची. हा लंगडतो, सासू बोलते पण मनाची चांगली आहे, थंडी फार, शेतात काम आहे. मग सहा-आठ महिने फोनवर बोलणं व्हायचं, दुभाषी ही आधीची सूनच. पैसे तिकिटाचे आणि लग्नाच्या जेवणाचे. नवऱ्याच्या मनात ‘मोजलेत’ हा हिशोबच नाही, आणि मुलीला आल्या दिवसापासून शेजारच्या गावात माहेरचं माणूस. आपल्या आत्या-मावश्या जमवतात तसंच की हे. 2023 मध्ये कोरियात साधारण वीस हजार आंतरराष्ट्रीय लग्नं झाली आणि परदेशी वधूंमध्ये दर तिघींत एक व्हिएतनामी होती. त्यांत एजंटकडून आलेल्या आहेत, तशाच कामावर, कॉलेजात भेटलेल्याही आहेत. आता चित्र एकच एक राहिलेलं नाही.

तैवाननं वेगळा रस्ता धरला. 2003 मध्ये तिथल्या लग्नांपैकी जवळपास 32 टक्के लग्नांत जोडीदार परदेशी किंवा चीनमधला होता. मग मुलाखती कडक केल्या आणि 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय लग्न जमवून पैसे कमावण्यावर आणि त्याच्या जाहिरातीवर बंदी घातली. फक्त ना-नफा संस्थांना परवानगी. फिलिपाईन्सनं तर आपल्या मुलींना परदेशी नवऱ्यांसाठी असं जमवून देणं 1990 मध्येच गुन्हा ठरवलं. कंबोडियानं मध्ये मध्ये परदेशी लग्नंच थांबवली आणि 2011 मध्ये पन्नाशीपुढच्या परदेशी पुरुषाला कंबोडियन मुलीशी तिथं लग्न करायला मनाई केली. आणि व्हिएतनाममध्ये धंदा म्हणून लग्न जमवणं बेकायदाच आहे, मदत करायची ती महिला संघटनेच्या केंद्रांनी, फुकट. म्हणजे लानला ज्या हॉटेलात दाखवली तो सगळा प्रकार कोरियात नोंदणीकृत आणि व्हिएतनाममध्ये गुन्हा होता. तुमचा एजंट जर म्हणत असेल की ‘तिकडं आपलं ऑफिस आहे’, तर तो तुम्हाला त्याच्या गुन्ह्याचा पत्ता सांगतोय.

आता आपल्याकडचा कायदा. परदेशी मुलीशी लग्न करायला काहीच आडकाठी नाही, हे आधी स्पष्ट करते. नोंदणी पद्धतीनं, म्हणजे विशेष विवाह कायदा 1954 खाली करा. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेला हवा, म्हणजे तुम्ही आहातच. नोटीस, तीस दिवस हरकतींची वाट, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. तिच्याकडून पासपोर्ट, चालू व्हिसा, आणि ती अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला, दूतावासातून साक्षांकित केलेला. आळंदीला जाऊन हार घालून आल्यावर ‘झालं लग्न’ म्हणणारा एजंट असेल तर तिथंच थांबा. लग्नानंतर व्हिसा बदलून घ्यायला आणि नोंदणीला एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडं ऑनलाइन अर्ज. तुमच्या जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं. लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला इथं दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. नागरिकत्वासाठी सात वर्षं इथं राहायला हवं. तोवर शेतजमीन तिच्या नावानं खरेदी होणार नाही. म्हणजे कोरियासारखंच, पहिली काही वर्षं तिचा इथला मुक्काम तुमच्या सहीवर असेल. ही सही तुम्ही कशी वापराल, याचं उत्तर तुमच्याकडंच आहे.

पण खरं सांगू? साडेपाच लाखांत व्हिएतनामची मुलगी येईल असं मला वाटत नाही. दोन फायली माझ्याकडं येऊन गेल्यात. एकीत ‘नेपाळची मुलगी’ म्हणून आणलेली बाई नवव्या दिवशी मंगळसूत्र आणि रोकड घेऊन गेली. तिचं आधीच एक लग्न होतं आणि तिच्याबरोबर आलेला ‘मामा’ तिचा नवरा होता. दुसरीत ‘बंगालची’ म्हणून आणलेली मुलगी सतरा वर्षांची निघाली, आधार कार्ड खोटं, पासपोर्ट नाहीच. तिला सीमेपलीकडून आणलं होतं. ती पळाली नाही, रडत बसली होती. पोलिसांनी सगळ्यात आधी नवऱ्याला उचललं, कारण एजंटचा फोन बंद होता. सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा लागू झालाय, त्यात पासपोर्ट-व्हिसाशिवाय येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत आणि खोटी कागदपत्रं वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. पैसे देऊन-घेऊन फसवून आणलेली असेल तर मानवी तस्करीची कलमं. अशा वेळी ‘मला माहीत नव्हतं’ हे न्यायालयात सांगता येतं, पण ते जामिनाच्या अर्जात, म्हणजे आत गेल्यावर.

तरीही तुम्हाला परदेशातूनच करायचं असेल तर घाई न करता करा. मुलीशी व्हिडिओवर निदान सहा महिने बोला, तिच्या आईशी बोला. दुभाषी तुमचा तुम्ही शोधा, एजंटचा नको. पुण्यात व्हिएतनामी विद्यार्थी आहेत, चार पैसे देऊन कोणीही मदत करेल. बागेचा, घराचा, आईच्या खोलीचा व्हिडिओ पाठवा, आणि संडास दाखवायला लाजू नका. कर्ज किती आहे सांगा. औषधफवारणीच्या दिवसांत घर कसं असतं तेही सांगा. मग तिच्या गावी स्वतः जा, एकदा नव्हे, दोनदा. हे सगळं ऐकून ती ‘नाही’ म्हणेल अशी तुम्हाला भीती वाटते, मला माहीत आहे. पण ते ‘नाही’ फोनवर ऐकलेलं बरं, लग्नानंतर नवव्या दिवशी नको.

एजंटाला एवढंच म्हणा, मुलीचा पासपोर्ट नंबर आणि तिच्या आईचा फोन द्या, दुभाषी मी आणतो. माझा अंदाज आहे, तो परत फोन करणार नाही. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की एकवीस हजार टोकन म्हणून फोनपेवर दिलेत. त्याचा स्क्रीनशॉट, त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि मुलीचे म्हणून पाठवलेले फोटो डिलीट करू नका. त्या फोटोंचा उलटा शोध गूगलवर घेऊन बघा, नाहीतर मला पाठवा, मी बघते.